किती जातंय?

आईच्या यादीत डिंक होता, अळीव, बाळंतशेपा, वेखंड,
कान झाकणारी टोपडी, दोन नग.
हलमध्ये मार्चात वारा कुठून शिरतो
हे तिला मिरजेत बसून ठाऊक.
रक्त नव्हतं यादीत.

ते माझं मी घेतलं, छत्तिसाव्या आठवड्यात,
ट्रॉलीच्या दांडीला पोट टेकवून.
पाकिटांवर थेंब छापलेले. चार थेंब, सहा थेंब,
आठ भरलेले आणि दोन नुसतेच रेघांचे.
माझं कामच पुराचं. हंबर भरतीला किती चढेल,
कुठल्या गल्लीत किती वाजता शिरेल,
याचे तक्ते मी करते, पगार घेऊन.
म्हटलं, थेंब मोजायला मला कोण शिकवणार,
आणि उचललं सगळ्यात पातळ, पंखांचं,
लॅव्हेंडरच्या वासाचं,
कारण ते पर्समध्ये मावत होतं.

पर्समध्ये! जशी काही मी कुठे निघालेच होते.

मॉरीन, आमची सुईण,
माझी भरलेली बॅग बघून म्हणाली, "हे नको गं."
(ती 'लव्ह' म्हणाली. मला 'गं' ऐकू आलं.)
"जाड घे. जुनाट दिसणारं, उशीसारखं."
मी हो म्हटलं आणि घेतलं नाही.

मग ती आली, तीन किलो शंभर,
आणि तिच्यामागून सगळं.
नऊ महिन्यांची थकबाकी एकदम वसूल होते
हे वाचलं होतं.
उभी राहिले की घोट्यापर्यंत,
हे नव्हतं वाचलं.
पंख टाक्यांना चिकटले. लॅव्हेंडर झोंबलं.
माझा बांध, माझी धोक्याची पातळी
तिसऱ्या रात्री बाथरूमच्या फरशीवर.

सारंग गेला रात्रभर उघड्या असणाऱ्या दुकानात.
फोटो पाठवत राहिला फळ्यांचे,
हे? की हे? लांब वेगळं, रात्रीचं वेगळं.
मी लिहिलं: जाड.
किती जाड?
गोधडी.

आणलं ते त्या रांगेतलं नव्हतंच.
पाकिटावर पांढऱ्या केसांची बाई, कानात मोती,
बागेत कुणाकडे तरी बघून हसणारी.
"माल लावणारी एक होती तिथे," तो म्हणाला, "तीन मुलांची आई.
म्हणाली, ते सगळं राहू दे, हे ने.
म्हाताऱ्यांसाठी असतं, पण अख्खी चड्डीच आहे, सरकत नाही."
मी चढवली. बेंबीपर्यंत आली.
तीन दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकली.

सकाळी आईचा फोन. बाबा बाहेरच्या खोलीत, म्हणून हळू:
"किती जातंय गं अंगावरून?"
"आता तासाला एक नाही भरत."
"गाठी?"
"आहेत. पन्नास पेन्सच्या नाण्याहून मोठी दिसली तर फोन करा म्हणालेत."
"म्हणजे केवढं?"
"आपला जुना रुपया."
तिने मनात रुपया ठेवून पाहिला. "बरं."

मग मी पाकीट धरलं कॅमेऱ्यापुढे, तिला हसवायला:
बघ, तुझ्या वयाची चड्डी घालून बसलेय.

ती हसली नाही.
चष्मा कपाळावर सारला, पडद्याजवळ आली.
"असं दुकानात ठेवतात? समोर?"
"ठेवतात."
"शिंकताना," ती म्हणाली, आणि दाराकडे पाहिलं.
"तुझ्या वेळेपासून. घडी ठेवते मी, परकराची."

चौतीस वर्षं.
शिंक आली की ती पाय आवळून उभी राहायची.
मला वाटायचं, किती शिस्तीची बाई.
मी उड्या मारायचे तेव्हा दोरी धरायची,
स्वतः कधी मारली नाही.

बाळ रडलं. आई म्हणाली, "घे तिला, भूक लागली असेल,"
आणि फोन ठेवायच्या आत, घाईघाईने,
"कमरेचं माप विचारतात का गं?"

पोस्टातल्या मुलीने खोकं काट्यावर ठेवलं, उचललं,
परत ठेवलं.
वजन काहीच नाही, म्हणाली.
पैसे आकाराचे पडतील.