चार पॉइंट तीन

काल रात्रभर कोपरखैरण्याची नवरी
त्रेसष्ट टक्क्यांवर हळद लावून बसली होती.
तिला मांडवात आणेपर्यंत उजाडलं,
दूधवाला येऊन गेला.
अजून नऊ लग्नं रांगेत
आणि नवं मशीन सत्तर हजारांना.

लॅमिंग्टन रोडच्या पोटमाळ्यावरून
मुर्तझाभाई फोनवर म्हणाले,
‘प्रोसेसरच्या नावाशेवटी के आहे ना?
मग कुलूप नाही त्याला.
पण घाई नको, बहन. शंभर-शंभरनं चढायचं.
आणि व्होल्टेजला हात लावायच्या आधी
पंख्याला लावा.’

तर आज खोकं उघडलं.
कन्नमवार नगरची सहा वर्षांची धूळ,
तिच्यात एक वाळकं झुरळ, पाय वर करून.
जुनी पेस्ट खडूसारखी सुकलेली.
कापसाच्या बोळ्यानं पुसली, नवी लावली,
मसुराच्या दाण्याएवढी, जास्त नाही.
(आईची मिठाची चिमूट याहून मोठी असते.)

लिहायला जी वही हाताला लागली ती घेतली.
डाव्या पानावर माझंच अक्षर, दोन वर्षांपूर्वीचं:
पहाटे चार, एकशे तीन.
सहा वाजता, एकशे दोन पॉइंट चार. पाणी प्यायला.
प्लेटलेट एक्केचाळीस हजार.
उजवं पान कोरं होतं.
त्यावर लिहिलं, तीन पॉइंट आठ, एकसष्ट अंश.

गुणक एकानं वाढवायचा, सेव्ह, परत सुरू.
मग वीस मिनिटं त्याला खोटं काम द्यायचं,
ज्याचा कुणालाच उपयोग नाही असं,
नुसतं दमवायला,
आणि तो दमताना आकडे बघत बसायचं.
बघत बसणं मला कुणी शिकवावं लागलं नाही.

चार. सहासष्ट.
चार पॉइंट दोन. पंचाहत्तर.
चार पॉइंट तीन. एकोणऐंशी.
चार पॉइंट पाचला अडखळलासुद्धा नाही,
थेट निळा पडला.

व्होल्टेज रतीभर चढवलं.
उठला, पण ब्याण्णव.
एवढं तापलं की तो चोरून हळू चालतो,
सेटिंगमध्ये मात्र चार पॉइंट पाचच दिसत राहतं.
ही खोड माझ्या ओळखीची आहे.

म्हणून टेबलफॅन ओढला,
त्याचं तोंड खोक्याच्या पोटात केलं.
ब्याण्णवचे ब्याऐंशी!
रात्री दीडला, एकटीला, टाळी वाजवावीशी वाटली.
वीस मिनिटं. तीस. चाळीस. पडेना.
वहीच्या कोपऱ्यात हिशेब मांडला:
लग्नामागे दोन तास, नऊ लग्नांचे अठरा,
अठरा तासांत मी काय काय

निमिषनं कूस बदलली.
मानेखालची उशी ओली.
वरचा पंखा मे महिन्याचीच हवा ढवळत होता.
झोपेतच पाय चादरीबाहेर काढून
त्यानं वारा शोधला,
जिथे रोज असतो तिथे.

ताप नव्हता.
कपाळाला हात लावून बघितलं तरी.
दोनदा.

फॅन परत त्याच्याकडे फिरवला.
जुनं व्होल्टेज, बाण खाली, खाली.
चार पॉइंट तीन.
तास झाला. एकोणऐंशी, ऐंशी, एकोणऐंशी.
उजव्या पानावर आकडा लिहून खाली दुहेरी रेघ मारली
आणि मुर्तझाभाईंना कळवला.
तीन वाजता त्यांचा उलट अंगठा आला,
म्हणजे तेही कुणाचं तरी तापमान बघत बसलेले.

बदलापूरच्या लग्नाची फाईल टाकली.
दोन टक्के.
नवरदेव अजून मारुतीच्या पारावर आहे,
मामा त्याचा फेटा बांधतोय, सुटतोय, परत बांधतोय.
बांधू दे.
मी जरा पडते.