दुपारी चारला बसतेस तशी

टाम्पेरेत, जुन्या कापडगिरणीमागच्या गोदामात
बंद पडलेल्या कचेऱ्यांच्या खुर्च्या रांगेने उभ्या.
विमा कंपनीच्या निळ्या, बँकेच्या करड्या,
एकीच्या पाठीला अजून चिठ्ठी:
‘माझी आहे, हात लावू नये. मर्यात्ता.’
हिल्प्पा एकेकीवर बसून बघते, ताठ.
मी टेप धरून शेजारी.

माझ्या बहिणीचा कणा मानेखालून निघतो तो उजवीकडे,
कमरेशी आल्यावर विचार बदलतो,
आणि जाता जाता जरा वळून मागे बघतो.
क्ष-किरणाच्या फिल्मवर तो मला नेहमी
गोठलेल्या तळ्यावरून एकट्याने गेलेल्या
स्कीच्या खुणेसारखा वाटत आला.
कारखान्यांनी असा माणूस गृहीत धरलेला नाही.
खुर्चीची पाठ म्हणते, इथे टेक,
आणि ‘इथे’ हिल्प्पा नसतेच,
ती असते चार बोटं पलीकडे.

तेरा वर्षांची होती तेव्हा प्लॅस्टिकचं कवच,
रोजचे तेवीस तास.
मी सहाचा. त्यावर टकटक करायचो:
“कोण आहे आत?”
कधी म्हणायची, “कासव.”
कधी, “कुणी नाही, नंतर या.”
चोविसावा तास सौनाचा.
वरच्या फळीवर ती पालथी पडून राहायची
आणि कवच बाहेर बाकावर बसलेलं असायचं, एकटं,
घरातलं सगळ्यात सरळ.

गोदामाचा मालक वेइयो, सत्तरी गाठलेला, शब्दाला महाग.
अर्धा तास नुसता कॉफी पीत बघत होता.
चौथ्या खुर्चीला हिल्प्पा म्हणाली, “ही बरी आहे.”
पाचवीला म्हणाली, “हीपण बरी आहे.”
तेव्हा कप खाली ठेवून तो म्हणाला,
“दुकानात सगळेच शहाण्यासारखे बसतात.
दुपारी चारला बसतेस तशी बस.”

तिने माझ्याकडे पाहिलं.
चारला ती कशी बसते, मला कुठे ठाऊक?
जमिनींचे नकाशे तपासते ती, घरूनच, दार लावून.

मग पाहुणे गेल्यावर कोट उतरवावा
तसा तिने ताठपणा उतरवला.
डावा खांदा खाली, उजवा खुबा वर,
एक पाय मुडपून बुडाखाली,
हनुवटी तळहातात, सगळा भार एका कोपरावर.
दर रविवारी तिच्याकडे जेवतो मी.
हे बसणं पहिल्यांदा पाहिलं.

“हां,” वेइयो म्हणाला. “आता दिसलीस.”

ताठ बस, असं तिला किती जणांनी सांगितलं असेल.
मास्तरांनी, बसमधल्या अनोळखी बायकांनी.
मीही. तिच्या लग्नात, फोटोच्या आधी.

वेइयोने पाना काढला, गुडघ्यांवर आला.
डावीकडे बैठकीवर टॉवेलची घडी,
एक घडी जास्त झाली, उलगडली.
बैठक आखूड केली. कमरेचा उंचवटा खाली,
आणखी खाली, मग सरळ काढूनच टाकला.
उजवा हात दोन खाचा वर.
डाव्याकडे बराच वेळ पाहत राहिला
आणि तो स्क्रूंसकट सोडवून माझ्या हातात दिला.

“वाकड्याला सरळ करणारी खुर्ची नसते,” तो म्हणाला.
“विकणारे सांगतात. मीपण सांगायचो.
ही फक्त तुझ्या वाटेत येणार नाही.
आणि अर्ध्या तासाने उठत जा,
खुर्ची कितीही चांगली असली तरी.”

नव्वद युरो. पावती पेन्सिलीने लिहिलेली.
मागच्या सीटवर खुर्ची मावली, पाय वर करून,
बर्फाचा चिखल तिच्या चाकांवरून ठिबकत.

परवा चार वाजता मी सहज फोन केला.
“नंतर बोलू,” हिल्प्पा म्हणाली, “आत्ता बसलेय.”

तो डावा हात अजून माझ्या डिकीत आहे.
सरळ रस्त्याला गप्प असतो,
वळण आलं की गडगडतो.