डावखुरं वाइंडिंग

पारा सेहेचाळीसवर गेला त्या दुपारी
पत्र्याखाली टांगलेल्या गिटारच्या डोक्यावरचं
अमेरिकेतलं नाव कोपऱ्यातून सुटलं.
वाटलं, पॉलिश फुगलं असेल.
नखाने दाबायला गेलो
तर कांद्याच्या पापुद्र्यासारखं अख्खं नाव नखाला चिकटून आलं.
खाली नुसतं लाकूड.

अडतीस हजार. रोख.
रेल्वे कॉलनीतल्या रॉनी पीटर्सच्या जावयाच्या हातावर मोजलेले.
त्यातले सहा सुलभाच्या भिशीचे,
तिला अजून पत्ता नाही.
त्याने काही शपथ घेतली नव्हती.
सासऱ्याची आहे, एवढंच म्हणाला,
बाकी सगळं मीच वाचलं,
त्या नावात.

शटर अर्धं पाडून स्क्रू काढले, अकरा.
काढले त्या क्रमाने बशीत ठेवले, हाताची सवय.
यावल-रावेरच्या केळीच्या बागांतून
जळून आलेल्या पाणबुडी मोटरी मी अशाच उघडतो.
झाकण उचललं तसा सागाचा वास आला.
साग!
म्हणून वरातीत खांदा भरून यायचा
आणि मी बँजो पार्टीतल्या पोरांना सांगायचो,
अस्सल मालाला वजन असतंच.

काम मात्र असं
की रागाला कुठे बसावं कळेना.
खाचा कोरलेल्या, कानसलेल्या, वर बोट फिरवून पाहिलेल्या.
चुंबक जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधले, कापून घासलेले.
कॉइलची तार जांभळट लाल, केसाएवढी,
सिग्नलच्या रिलेत असते ती.
ही तार बाजारात मिळत नाही.
ही डब्यातून घरी येते, भाकरीखाली.

मग भिंग लावलं.
वेढे उलटे.
शेवटाला दोन गाठी आणि वर मेणाचा थेंब.

एक गाठ पुरते, दुसरी आपल्या मनासाठी:
नामदार तडवी म्हणायचे,
डाव्या हाताने हँडल फिरवत.
आठ वर्षं मी त्यांच्या उजवीकडे बसलो,
म्हणून मला सगळं आरशातल्यासारखं शिकावं लागलं.

गिटारबद्दल अवाक्षर नाही कधी.
घरात साधा टेप वाजताना ऐकला नाही.
फक्त रविवारी शटर आतून ओढून बसायचे,
मी समजायचो, पितात.

मोटर पुन्हा जळाली तर स्वतः गिऱ्हाइकाच्या मळ्यावर जायचे,
चूक माझी, पैसे नको, म्हणायचे.
असा माणूस.
आणि हे नाव?
त्यांनीच चिकटवलं, पॉलिशखाली, इतक्या सफाईनं?
की रॉनीने, पोरींवर छाप पडावी म्हणून?
की त्या जावयाने, मला बघून?
मिस्त्रींना जाऊन सहा वर्षं झाली.
रॉनीला त्याहून जास्त.
जावयाचा फोन लागत नाही.

जोडून पाहिली.
तोच आवाज, काल होता तो.
खालच्या सुरांना किंचित गंज,
आउटरला थांबलेल्या मालगाडीने ब्रेक सोडावा तसा.
काल मला तो परदेशी वाटत होता.

इतक्यात अमळनेरच्या पोराचा फोन.
दादा, गिटार शे का आजून? पन्नास देस.
हो, आहे, म्हणालो.
आणि सहा हजार डोळ्यांपुढे आले, सुटे, भिशीच्या डब्यातले.
मग तोंडातून गेलं,
पण नाव निघालंय तिचं.
कसानं नाव?

फोन कानाला, मान वाकडी,
मी स्क्रू बसवायला घेतले.
दहा बसले.
अकरावा बशीत नाही.
बाकावर नाही, बाकाखाली नाही,
चपलेत पाहतोय.
दादा? तो म्हणतोय. दादा, कसानं नाव?