साकु

एप्रिलची दुपार. अक्कोळ रोडवरच्या माझ्या दुकानात
भरमाण्णा वखारीतलं मशीन घेऊन आला,
टमटममधून, पोत्यात गुंडाळून,
दवाखान्यात आणावं तसं.
म्हणाला, "सात मिनटं चालतंय, मग डोळं मिटतंय.
काट्यावर गाडी उभी, आन् हे झोपलंय मर्दा."

हिशोब तो कन्नडात करतो, शिव्या मराठीत देतो.
पावत्या दोन्हींत निघतात.

लावून बघितलं. अठ्ठ्याण्णव. मग अंधार.

झाकण काढलं तसे तिघंही शिंकलो,
मी, भरमाण्णा, आणि हाताखालचा बसलिंग,
एकापाठोपाठ एक, थांबेचना.
अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांत, फटीफटीत,
तीन हंगामांची तंबाखू बसली होती
दाबून, घोंगडं व्हावं तशी.
पंखा फिरत होता बिचारा,
भिंतीला वारा घालत.

ब्रशनं झाडलं. उरलेलं सुईनं उकरलं.
चार स्क्रू, समोरासमोरचे, आलटून पालटून.
मग हीट सिंक जरासा पिळून उचलला.
ओढायचा नसतो,
खालची चिप त्याच्याबरोबर उपटून येते.
दस्तगीर मेस्त्रीनं हे मला एकदाच सांगितलं होतं,
माझ्या हातून एक उपटल्यावर.

खाली पेस्ट वाळून खडखडीत.
आईच्या डबीच्या कडेला धरायचा तसा चुना,
झाकण रात्रभर उघडं राहिलं की.
आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची, निपाणीभर वळायच्या तशाच.
चिमूट कधी मोजली नाही तिनं.
बोटाला कळतंय, म्हणायची.
माझ्या बोटाला कळायला
दुसरा धंदा धरावा लागला.

स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, दोनदा.
चिपच्या माथ्यावर ट्यूबलाइट दिसायला लागली,
हीट सिंकचं बूडही तसंच लख्ख.
बसलिंग म्हणाला, एवढे गुळगुळीत दोघं,
नुसते एकावर एक ठेवले तर काय बिघडलं?

बिघडतं.
गुळगुळीत आपल्या डोळ्याला.
आत खाचा असतात, खाचांत हवा,
आणि हवेपाशी येऊन उष्णता घुटमळते,
फाटकाशी अडलेल्या उसाच्या गाडीसारखी.
टेकलेले असतात, पण
बहुतेक ठिकाणी भेटलेले नसतात.

त्यानं ट्यूब दाबली ती भाकरीवर लोणी घालावं तशी.
पुसायला लावलं. पुन्हा.
ज्वारीच्या दाण्याएवढी, मधोमध.
"साकु?"
"साकु."
हा शब्द मी मराठीत बोलतो की कन्नडात,
कधी लक्षात आलं नाही.

"पण अण्णा, एवढ्याशानं थंड कसं व्हायचं?"

ह्यात थंड काही नाही रे.
पेस्ट थंड करत नाही. हीट सिंकही नाही.
ती फट भरते.
तो घेतलेलं पात्यापात्यांवर पसरून ठेवतो,
वारा नेतो.
कुठं नेतो? ह्याच दुकानात, आणखी कुठं.
तुझ्या मानेवरचा घाम बघ.

स्क्रू परत आवळले, थोडा हा, थोडा तो,
एकदम एकच आवळला की सगळं एका बाजूला कलतं.
चालू केलं.
एकावन्न. अठ्ठावन्न. एकसष्ट.
एकसष्टवर बसलं, उठलं नाही.

भरमाण्णा घड्याळ धरून उभा.
सात झाली. आठ. अकरा.
मग त्यानं डब्याच्या मागं तळहात धरला
आणि चपापून ओढून घेतला.
"अजून गरम वारा येतंय की ह्यातनं!"

"यायलाच पायजे.
यायचा थांबला की फोन कर."

पटलं की नाही कुणास ठाऊक.
चंची सोडली त्यानं, नखाच्या टोकावर चुना घेतला,
बरोबर तेवढाच,
आणि माझ्यापुढं केला.
मी बोटं दाखवली, राखाडी, चकाकणारी,
दोन दिवस न निघणारी.

बसलिंग बिल लिहीत होता.
रकमेच्या अलीकडं त्याच्या अंगठ्याचा ठसा उठलेला,
रेषा न् रेषा दिसणारा.
भरमाण्णा म्हणाला, राहू दे,
सहीचं काम भागलं.