खांबावर हात

तेवीस वर्षं मागावर उभा आहे मी.
डावा कान आधी गेला, उजवा जायच्या वाटेवर.
आता हातानं कळतं:
चौकटीवर पंजा ठेवायचा,
धोटा कुठं अडखळतोय ते ती सांगते.

रात्रपाळी सुटली की सायकल घेऊन
होटगीकडच्या फाटकाशी थांबतो,
टेकायला घंटेचा खांब.
गाडी यायची असली की तो हाताखाली थरथरायचा,
घोरणाऱ्या माणसाच्या छातीसारखा.

पोळ्यापासून खांब गार आहे.
दांडा उतरतो, पण न सांगता,
परवा एका रिक्षाच्या टपावरच उतरला.
गेटमन मलकप्पा माझ्या कानाशी ओरडला,
"मी तीनदा लिवलोय की वहीत! तुमी लिवा.
पब्लिकचं कागद वर जातंय."

म्हणून स्टेशनात गेलो, भाचीला घेऊन.
अक्षर तिचं, सही माझी: लिंबय्या सादूल.
खिडकीतल्या साहेबानं कागद वाचला,
तिला काहीतरी विचारलं. तिचा चेहरा पडला.
बाहेर येऊन मोठ्यानं म्हणाली,
"घंटा वाजत नाही, की तुझ्या मामाला ऐकू येत नाही,
असं विचारायलेत."

परत आत गेलो.
म्हणालो, साहेब, दोन्ही.
माझं राहू द्या, तिचं तेवढं बघा.

त्यांनी बराच वेळ शिक्का शोधला.

सतराव्या दिवशी पहाटे खांबाला हात लावला
आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.
मग परत ठेवला.
गाडी गेली, दांडा वर झाला,
मागचे लोक काहीतरी ओरडत होते, बहुतेक मलाच.

बायको सांगते, गल्लीत कुणाला झोप नाही.
दासरींचं बाळ रात्रीतून चारदा उठतं,
चहाच्या गाड्यावर रोज चौकशी,
"कोण बे तक्रार केला हे?"
मी बशीत चहा ओततो.
साऱ्या गल्लीत गाढ झोपणारा मी एकटाच,
हे अजून कुणाच्या ध्यानात आलेलं नाही.

रुळालगतची फरशी मात्र तशीच खचलेली.
काल दूधवाल्या इरण्णाचं चाक तिथं अडकलं,
कॅन आडवा, दूध खडीत.
गाडीला अजून वेळ होता म्हणून बरं.
मी वितीनं खड्डा मोजून घेतला:
एक वीत, चार बोटं.
भाचीचा शनिवारी गणिताचा पेपर आहे.
रविवारी बसू म्हणाली.