प्रतवारी

पहिल्या तासाला दरवर्षी लिहितो तेच यंदाही फळ्यावर लिहिलं:
लेखी साठ, प्रात्यक्षिक पंचवीस, जर्नल पंधरा.
हजेरी पंचाहत्तर टक्के.
अर्धविराम विसरलात, तर अर्धा गुण जाईल.
(वर्ग हसतो. दरवर्षी इथेच हसतो.)

मागच्या बाकावरून हेमांगी मोगलनं विचारलं,
"सर, उत्तर चुकलं, पण विचार बरोबर असला तर?"
विचाराला सहापैकी तीन गुण आहेत, मी म्हणालो.
म्हणताना ते फार उदार वाटलं होतं.

फेब्रुवारीतले चार शनिवार ती प्रॅक्टिकलला नव्हती.
कारणाच्या रकान्यात: पॅकहाउस, पिंपळगाव. सीझन.
हजेरीचा नियम मी केलेला नाही.
लाल शेरा मात्र माझा.

आता मे.
गंगापूर रोडवरची तपासणीची खोली,
एकाच टेबलाकडे तोंड करून बसलेला पंखा,
बारकोडखाली झाकलेली नावं.
पण असे महिरपी कंस दुसरं कुणी काढत नाही,
गणपतीमागच्या महिरपीसारखे,
मधलं टोक जपून काढलेलं.

प्रश्न चौथा: गुण वाचून श्रेणी छापा.
तिनं आधी विचारलंय, चाळीस किंवा जास्त? छाप 'पास'.
नाहीतर, साठ किंवा जास्त? 'प्रथम'.
नाहीतर, पंचाहत्तर? 'विशेष'.
अर्धविराम सगळे जागच्या जागी.
प्रोग्रॅम चालतो.
एकेचाळीस दिले, पास.
ब्याण्णव दिले, तरी पास.
खालच्या दोन ओळींपर्यंत
कुणी पोचतच नाही.

व्हायवाला तिनं खिशातून प्लास्टिकच्या दोन रिंगा काढल्या होत्या.
"आधी सोळाची, सर. तिच्यातून निसटला तो मणी बेदाण्याला.
उरलेल्याला अठराची.
तिच्यातही जो अडतो, तो युरोपला."

म्हणजे लहान भोक आधी.
तिथं ते बरोबरच आहे.
तिथं विचारतात, याहून बारीक आहे का?
मी शिकवलं, याहून मोठा आहे का?
चिन्हाचं तोंड तेवढं फिरलंय.

रचनेला दोन. आउटपुटला शून्य.
विचारापाशी पेन थांबलं.
नमुना उत्तरात पॅकहाउस नाही.
"क्रम उलटा आहे ना? एक द्या आणि पुढे चला,"
विंचूरकर मॅडम चष्म्यावरून म्हणाल्या,
"गठ्ठ्यात अजून बावन्न आहेत."

एक दिला.
खोडला. दोन केले.
खाडाखोडीपाशी सही लागते, ती केली,
माझ्या नावाची, पूर्ण, वाचता येईल अशी.

बेरीज मी करत नाही.
बेरजेला दुसरा माणूस असतो, तसा नियम आहे.
पुढचा पेपर ओढला.
त्यात एकही अर्धविराम नव्हता.