उजेड कमी केल्याचं बिल

पणजीत, नदीकडं पाठ करून उभ्या असलेल्या म्युझियममध्ये
मी तीन दिवस शिडीवर होतो.
माझं काम दिवे लावण्याचं.
सायो मोरिनागा, जपानच्या चित्रकार,
अंगात मेकॅनिकसारखा निळा डगला, केसांत पेन्सिल,
खाली उभ्या राहून हाताचा तळवा सावकाश खाली आणायच्या,
उतू जाणारं दूध दटावल्यासारखा.
म्हणजे: अजून कमी.

अजून किती, बाई?
मी जन्मभर लग्नाचे मांडव उजळले,
फेस्ताच्या माळा, जत्रेच्या कमानी,
एकदा तर कॅसिनोच्या बोटीवरचा अननस,
हिरवापिवळा, दर तीन सेकंदांनी फुटणारा.
कमी कर, असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

एकवीस चित्रं. सगळ्यांत रात्र.
बर्फात उभं शीतपेयांचं मशीन, गिऱ्हाईक नाही.
बंद पेट्रोलपंप.
एका घराची मागची बाजू, जिथं स्वयंपाकघरात
कुणीतरी नुकताच दिवा मालवलाय;
हे कशावरून कळतं
ते मला अजून कळलेलं नाही.

चौदा नंबर मात्र नुसता काळा.
वॉचमन आग्नेल म्हणाला,
"ह्याला म्हणे वर्ष लागलं.
माझ्या होडीला मी दोन दिवसांत डांबर फासतो."

तिसऱ्या रात्री शेवटचा दिवा इतका उतरवला
की शिडीच्या पायऱ्या पायानं चाचपत आलो,
आणि खालच्या पायरीवरच थांबलो.
चौदा नंबरात पाणी होतं.
आधी त्याची कड. मग कडेला खांब.
मग खांबाला काहीतरी बांधलेलं.

बाप आठवला, असं म्हणणार नाही.
पण आवाज त्याचाच, दिवाडीच्या मानशीवरचा:
"कंदिलाकडं बघू नको रे.
कंदील सुंगटांसाठी. तू पाण्याकडं बघ."
अवसेच्या ओहोटीला तो फळ्या वर ओढायचा,
जाळं फुगायचं,
आणि मला वाटायचं, रात्रच भरतेय आत,
पहाटे टोपलीत ओतली की तिला मिशा फुटतात.

दुभाषा जेवायला गेला होता.
मी चित्राकडं बोट केलं आणि म्हटलं, "माय फादर."
बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "व्हेअर?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रायबंदरहून फेरीबोट,
माझी स्कूटर, मागं बाई, हेल्मेट आग्नेलचं.
मानस आता सिमेंटची, फळ्या अर्ध्या कुजलेल्या.
दूर पणजीवरचं आभाळ अबोलीच्या रंगाचं,
त्याखाली कॅसिनो, म्हणजे माझा अननसही.
बाई त्याच्याकडं पाठ करून बसल्या.
पाऊण तास. डास चावत होते.
मी काहीतरी दाखवायला हात उचलला होता,
तो खिशात घातला.

काढलं काहीच नाही त्यांनी, वहीसुद्धा उघडली नाही.
उठताना फळीवर तळवा टेकला, त्याचा वास घेतला,
आणि फेरी लागेपर्यंत तो हात
कशालाच लावला नाही.

उद्घाटनाला मंत्र्यांच्या भाषणापुरते
सगळे दिवे पूर्ण लावायला लावले.
चित्रं एकवीसच्या एकवीस आंधळी झाली.
टाळ्या पडल्या.
बाईंनी गर्दीतून माझ्याकडं पाहिलं,
आणि तळवा सावकाश खाली आणला.

आता बिल अडकलंय.
हिशेबनीस कुंकळकर चष्मा कपाळावर चढवून विचारतात,
"दिवे लावल्याचे पैसे असतात, मान्य.
कमी केल्याचे मी कुठल्या खात्यात टाकू?"
मी म्हटलं, मजुरी लिहा.
"कसली?"
ते मला नीट सांगता आलं नाही.

काल कॅसिनोवरून फोन होता.
अननस डाव्या बाजूनं पेटत नाहीय.
परवा येतो म्हटलं.
उद्या अवस आहे, आणि ओहोटी रात्री दोनला.